कागद तुमचा, सही तुमची

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत ऑगस्ट २०२५ मध्ये अकलूज इथं एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथं देत आहोत.)



मला अध्यक्षताई म्हणाल्या, "तू तुझ्या धंद्यावर बोल." मी म्हणलं, पापड, शेळीपालन, शिलाई यावर बोलणाऱ्या ताया आहेत, लोक मन लावून ऐकतात. इन्कम टॅक्सवर कोण ऐकणार? तर त्या म्हणाल्या, "बायकांचे पैसे कुठं कुठं अडकलेत ते सांग, आपोआप ऐकतील." म्हणून तेच सांगते.

मी बी.कॉम. झाले आणि लग्नानंतर इथल्याच एका टॅक्स सल्लागारांच्या ऑफिसात सहा वर्षं काम केलं. बिलं लावणं, एंट्री करणं, रिटर्न भरणं. २०२१ मध्ये मी स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. गटाकडून ३० हजार रुपये कर्ज घेतलं. १८ हजारांचा जुना लॅपटॉप, ९ हजारांचा प्रिंटर आणि ३ हजारांत टेबल-खुर्ची. दीड हजाराचे वीस हप्ते आणि शेकडा एक रुपया व्याज. जागा म्हणजे घराची पुढची खोली. सासूबाईंनी तिथली धान्याची कणगी मागं हलवली, तेच माझं उद्घाटन.

पाटीवर मी नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'रिटर्न भरून मिळेल'. मी सीए नाही, आणि तसं कधी कुणाला वाटू दिलं नाही. साधं रिटर्न भरून द्यायला सीएच असावं लागतं असं नाही. पण ऑडिट लागलं तर ते सीएनंच करायचं. असं काम आलं की मी सरळ सीएंकडं पाठवते. आपली हद्द आपल्याला माहीत असली की धंदा टिकतो.

पहिल्या वर्षी ४३ रिटर्न भरली आणि त्यातल्या एकात चूक केली. ती आधी सांगते, कारण त्याच चुकीनं मला काम शिकवलं.

२०२१ च्या जूनमध्ये आयकर खात्याचं नवीन पोर्टल आलं होतं आणि ते सारखं अडकायचं. एका शाळेतल्या क्लार्क भाऊंचं रिटर्न मी ऑगस्टमध्ये भरलं. त्यांना ६,२०० रुपये परत मिळायचे होते. रिटर्न गेलं, पावती निघाली, मी पैसे घेतले. पण रिटर्न भरल्यावर ते पडताळून द्यावं लागतं, आधारच्या ओटीपीनं किंवा सही करून पोस्टानं. त्या दिवशी ओटीपी आला नाही. मी म्हणलं, उद्या करू. तो उद्या काही आला नाही. पडताळणी नसली की रिटर्न भरलंच नाही असं धरतात. तेव्हा १२० दिवसांची मुदत होती, आता फक्त ३० दिवस आहे. भाऊ फेब्रुवारीत विचारायला आले, "ताई, पैसे काय आले नाहीत." मी पोर्टल उघडलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मला सांगता आलं असतं की सरकारी काम आहे, उशीर होतो. त्यांना काय कळणार होतं? पण मी खरं सांगितलं. पुन्हा रिटर्न भरलं, उशिराचे हजार रुपये दंड मी माझ्या खिशातून भरले आणि त्यांच्यासमोर बसून ओटीपी टाकला. पैसे त्यांना मिळाले. ते चिडले होते, चार शब्द बोलले, ते मी ऐकून घेतले. पण पुढच्या वर्षी ते परत आले आणि शाळेतल्या तिघांना घेऊन आले.

त्या दिवसापासून माझ्याकडं एक वही आहे. नाव, कागद कधी आले, रिटर्न कधी गेलं, पडताळणी कधी झाली, रिफंड कधी जमा झाला. शेवटचा रकाना भरल्याशिवाय मी ते काम संपलं म्हणत नाही. आपण गटाचं रजिस्टर लिहितो तसंच हे.

आता बायकांचे पैसे कुठं अडकतात ते सांगते.

आपल्या भागातून पालखी मार्ग रुंद झाला. काही घरांच्या जमिनी गेल्या, मोबदला आला. अशाच एक मावशी, वय पंचावन्न, मालक नाहीत. त्यांनी १२ लाखांची ठेव बँकेत ठेवली. वर्षाला ८४ हजार व्याज. दुसरं उत्पन्न म्हणजे थोडी शेती, आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणजे मावशींना कर एक रुपयाही लागत नव्हता. तरी बँकेनं दर वर्षी १६,८०० रुपये कापले. का? मावशींचं पॅन कार्ड पेटीत साडीच्या घडीत होतं, बँकेला दिलंच नव्हतं. पॅन नसलं की टीडीएस १० टक्क्यांऐवजी २० टक्के कापतात. आणि पॅनशिवाय कापलेला टीडीएस आपल्या नावावर दिसतही नाही.

मावशी माझ्याकडं आल्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा दोन वर्षांचे ३३,६०० गेले होते. मी त्यांना घेऊन बँकेत चार हेलपाटे घातले. पॅन दिलं, बँकेकडून टीडीएसची दुरुस्ती करून घेतली, मग डिसेंबरात रिटर्न भरलं. एका वर्षाचे १६,८०० परत आले. पण आधीच्या वर्षाची मुदत ३१ डिसेंबर २०२३ लाच संपली होती. त्यासाठी विलंब माफीचा अर्ज केलाय, अजून निकाल नाही. मावशी दर महिन्याला विचारतात. मी सांगते, "मावशी, मिळतील असं वचन देत नाही, पण सोडलेलं नाही."

हे टाळायला काय लागत होतं? एक पॅन कार्ड आणि १५ जी नावाचा एक फॉर्म. आपल्याला कर लागत नाही, टीडीएस कापू नका, असं सांगणारा तो फॉर्म आहे. वय साठच्या पुढं असेल तर १५ एच. यंदाच्या एप्रिलपासून वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं तर बँक टीडीएस कापते, ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. फॉर्म दर वर्षी नव्यानं द्यायचा, एप्रिलमध्येच. पण खरोखर कर लागत नसेल तरच द्यायचा. लागत असताना 'लागत नाही' असं लिहून देणं हा गुन्हा आहे.

आता जरा नाजूक विषय.

अकलूजमध्ये नोकरदार बरेच आहेत. कारखान्यातले, शाळेतले, दवाखान्यातले. त्यांच्यातले काहीजण मला विचारतात, "ताई, अमका माणूस चाळीस हजार रिफंड काढून देतो, तुम्ही चारच हजार का?" तो अमका माणूस काय करतो, तर न दिलेली देणगी दाखवतो, न भरलेलं घरभाडं दाखवतो, नसलेल्या आजाराचा खर्च दाखवतो. आणि रिफंडातला वाटा घेतो. तिसऱ्या वर्षी माझ्याकडची अकरा माणसं अशीच गेली. त्या वर्षी मी घरात म्हणलं, चार-पाच जणांचं करून टाकावं का? कोण बघतंय? मालक म्हणाले, "सही कुणाची राहणार?" सही त्या गरीब माणसाची राहणार. नोटीस त्याच्या घरी येणार, कर, व्याज आणि दंड तो भरणार. वाटा घेणारा तोवर फोन बदलतो.

यंदा १४ जुलैला आयकर खात्यानं देशभर अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर तपासण्या केल्या, तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्या अकरांतले चौघे गेल्या महिन्यात माझ्या खोलीत येऊन बसले. दोघांना नोटीस आली होती. त्यांची सुधारित रिटर्न भरायला मी मदत करतेय. मला त्याचा आनंद झाला नाही. एका घरात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यात जाणार आहेत.

म्हणून मालकांना, मुलांना घरी विचारा, रिटर्न कोण भरतं? फी ठरलेली घेतं की रिफंडात वाटा मागतं? वाटा मागणाऱ्याकडं जाऊ नका.

तसाच दुसरा विषय. बायका येतात आणि म्हणतात, "ताई, बँकेचं कर्ज काढायचंय, रिटर्न जास्तीचं दाखवा." त्याच आठवड्यात म्हणतात, "लाडकी बहीणसाठी उत्पन्न कमी पाहिजे." अहो, उत्पन्न एकच असतं. ते घरात जेवढं येतं तेवढं. योजनेच्या उत्पन्नाबाबतच्या अटी दोन आहेत: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि घरात कुणी आयकर भरणारं नसावं. पुष्कळ जणी घाबरतात की रिटर्न भरलं की आपण करदाते झालो. रिटर्न भरणं म्हणजे हिशोब सांगणं. कर भरणं म्हणजे पैसे देणं. दोन्ही वेगळं आहे. तुमच्या अर्जाचं काय होईल ते योजनेचं ऑफिस ठरवतं, मी नाही. पण दोन ठिकाणी दोन आकडे सांगू नका, कारण आता पॅन आणि आधार जोडलेलं आहे.

तिसरी अफवा, "१२ लाखांपर्यंत काहीच करायचं नाही." चालू आर्थिक वर्षात नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, हे खरं. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं तर रिटर्न भरावंच लागतं. आणि दुधाचा धंदा शेतीत धरत नाहीत. ऊस, ज्वारी, डाळिंब हे शेतीचं. गाई ठेवून दूध घालणं हा धंदा. डेअरीची बिलं जपून ठेवा.

माझ्या कमाईचंही सांगते, आपल्यात लपवाछपवी नको. आता वर्षाला साधारण २६० रिटर्न होतात, सरासरी फी ४०० रुपये. म्हणजे १ लाख ४ हजार. शिवाय नऊ दुकानांचं जीएसटीचं काम, महिन्याला ७०० प्रमाणे वर्षाचे ७५,६००. एकूण १ लाख ७९ हजार ६००. इंटरनेट, कागद, सॉफ्टवेअर आणि हंगामात दोन महिने मदतीला एक मुलगी असते तिचे १२ हजार, सगळा खर्च ४० हजार. हातात राहतात १ लाख ४० हजारांच्या आसपास. मला कर लागत नाही, तरी माझं रिटर्न मी दर वर्षी भरते. तीन वर्षांची रिटर्न होती म्हणून नव्या लॅपटॉपसाठी बँकेनं मला मालकांच्या सहीशिवाय कर्ज दिलं.

काम सोपं नाही. जुलैत रात्रीचे अकरा वाजतात. यंदा मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर झालीय, म्हणजे गौरी-गणपतीत काम. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी असतं, तेव्हा माहेरीही जाता येत नाही. पण मुलं शाळेतून आली की मी घरी असते, आणि पैसा माझ्या खात्यात येतो.

ज्यांना हे काम करायचंय त्यांना माझे चार नियम. फी आधी सांगा आणि पावती द्या. कुणाचा पासवर्ड आपल्याकडं लिहून ठेवू नका, ओटीपी त्याच्यासमोरच टाका. रिफंड त्याच्याच खात्यात जाऊ द्या, आपल्या नाही. आणि कागदाशिवाय आकडा लिहू नका. आधी कुणाच्या तरी हाताखाली दोन हंगाम काढा. माझ्याकडं पुढच्या मे महिन्यात एका मुलीला जागा आहे, बारावी कॉमर्स असली तरी चालेल.

आणि ज्यांना हे काम करायचं नाही, त्यांनी घरी जाऊन एवढंच करा. एक पिशवी करा. त्यात पॅन, आधार, पासबुक, ठेवीच्या पावत्या, डेअरीची आणि दुकानाची बिलं. पिशवी घरात सगळ्यांना माहीत असू द्या, पण ती तुमची असू द्या.

आपल्या शेजारी माण तालुक्यात म्हसवड आहे. तिथं चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायची म्हणून रिझर्व्ह बँकेकडं अर्ज केला, तर बायका अशिक्षित आहेत म्हणून तो नाकारला. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. आपल्या गटातही शेकडा व्याज तोंडी सांगणाऱ्या आज्या आहेत. हिशोब आपल्याला येतोच. फक्त सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते विचारायची सवय लावायची. समजलं नाही तर म्हणायचं, "थांबा, मला वाचून दाखवा." यात लाज नाही.

आज जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या ठेवी आहेत त्यांनी पावती घेऊन या. आजची फी नाही.