अनुबोधपट : लोकस्मृतीचे दप्तर



दिनांक ७ जून १९४३ रोजी सातारा जिल्ह्यातील शेणोलीजवळ तुफान सेनेच्या तरुणांनी ब्रिटिश सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविली आणि ती रक्कम हस्तगत केली. सरकारी कागदात या प्रसंगाला दोन ओळी पुरतात. परंतु या कृत्याला लूट म्हणावे काय, याचे उत्तर तेथे मिळत नाही. ते उत्तर कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, अर्थात कॅप्टन भाऊ, देत असत. इंग्रजांनी भारतीयांचे जे धन चोरले होते तेच परत आणले, ती लूट नव्हे, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या उपक्रमाने त्यांच्या उतारवयात हे कथन चित्रित केले. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी कॅप्टन भाऊ निवर्तले. त्यांचा आवाज मात्र मागे राहिला.

क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात उभे होते. त्याच जिल्ह्याचा दक्षिण भाग आज सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर खोट्या भांडणाचा देखावा उभा करण्यात भाग घेतला आणि पोलिसांचे लक्ष तिकडे वळताच सहकाऱ्यांनी ठाण्यातील बंदुका पळविल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याही गेल्या. त्यांचेही कथन वेळीच चित्रित झाले होते. ज्यांचे झाले नाही, अशा कितीतरी सैनिकांच्या आठवणी त्यांच्यासवे लोप पावल्या.

अनुबोधपटाचे सामर्थ्य येथेच आहे. १८९९ साली सावेदादा तथा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, तेव्हापासून मराठी माणसाचा या माध्यमाशी संबंध आहे. क्लोद लांझमान या फ्रेंच दिग्दर्शकाने ज्यू जमातीच्या संहारावरील ‘शोआ’ (१९८५) हा नऊ तासांहून मोठा चित्रपट जुनी चित्रफीत मुळीच न वापरता केवळ साक्षीदारांच्या कथनावर उभा केला. उलटपक्षी, रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘नानूक’ (१९२२) या विख्यात चित्रपटात बंदूक वापरणाऱ्या एस्किमो शिकाऱ्यांकडून जुन्या भाल्याची शिकार करवून घेण्यात आली होती. चित्र डोळ्यांना दिसते म्हणून ते खरेच असते असे नव्हे, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

जे स्मृतीचे, तेच कलेचे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. परंतु घोडीवर तारेखाली रेशमी धागा सरकवून जवारी लावताना कारागिराचा कान नेमके काय शोधतो, हे कोणत्याही प्रमाणपत्रात लिहिता येत नाही. ते पाहावे व ऐकावेच लागते.

यासाठी मोठा खर्च आवश्यक नाही. भ्रमणध्वनीच्या साहाय्याने शाळा व ग्रामपंचायत हे कार्य करू शकतात. मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. वृद्धांची संमती आधी घ्यावी. शक्य तर घटनास्थळीच त्यांना बोलते करावे. उत्तर मध्येच तोडू नये आणि आपल्याला हवे ते त्यांच्या तोंडी घालू नये. स्मृती तारखांत चुकू शकते, म्हणून कथन कागदपत्रांशी ताडून पाहावे. जेथे विसंगती आढळेल तेथे ती लपवू नये, नोंदवावी. सांगणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक लिहून ठेवावा. मूळ चित्रण न कापता दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करावे. तयार लघुपट प्रथम त्याच गावाला दाखवावा. चूक दाखविण्याचा पहिला अधिकार गावाचा आहे.

ग्रामपंचायत जन्म-मृत्यूची नोंद ठेवते. त्या दोन तारखांमधील आयुष्याची नोंद ठेवण्यास कोणताही कायदा भाग पाडीत नाही. ते कर्तव्य आपण होऊन पत्करावे लागते. गावातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या ओसरीवरून या कार्यास प्रारंभ व्हावा, आणि तो विनाविलंब व्हावा.