नवा फोन घ्यावा की जुनाच चालवावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सव येथे केलेले भाषण)



मला चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. हळदीकुंकवाला जा, बारशाला जा, नाहीतर आपल्या कुंडावर ऊन पाण्यात पाय सोडून बसा, बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. ‘अगंबाई, तुमचा फोन अजून तोच का?’ पूर्वी बायकांची नजर प्रथम पाटल्यांवर जायची, आता ती हातातल्या फोनवर जाते. त्यात वाईट काही नाही. हौस कोणाला नसते? पण बचत गटाची वही गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्या वहीत फोनसाठी मागितलेल्या कर्जाचे अर्ज जसे वाढू लागले, तसा मला या गोष्टीचा विचार करणे भाग पडले. विचार करताना माझ्या हातून एक चूकही घडली. ती आज येथे सांगणार आहे.

आधी माझ्याच फोनची हकीकत. तो घेतला २०२० च्या जूनमध्ये. मार्चपासून शाळा बंद होत्या, नातवाचा अभ्यास फोनवर येऊ लागला, आणि घरात एकच फोन. तोही मुलाबरोबर कारखान्यात जायचा. त्याच वर्षी एक एप्रिलपासून फोनवरचा जी. एस. टी. बारा टक्क्यांवरून अठरा टक्के झाला होता, म्हणजे आम्ही अगदी मुहूर्त साधूनच गेलो! नातू आता शाळेच्या फोनमधून सुटला, आणि फोन माझ्याकडे आला. दोन वर्षांपूर्वी तो कुरकुरू लागला. सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत पुरेना. एखादा फोटो उघडायचा तर तेवढ्यात भाकरी भाजून व्हावी. सगळ्यांचे एकमत झाले, की फोन म्हातारा झाला.

धाकटा मुंबईस असतो. तो म्हणाला, ‘आई, मी तुला सगळ्यांत नवा घेऊन देतो.’ किंमत ऐकली आणि मी मटकन खाली बसले. अहो, एका दुभत्या म्हशीची किंमत! आणि म्हैस निदान दूध तरी देते.

पण त्याचे म्हणणे निव्वळ हौसेचे नव्हते, हे त्याच्या आवाजावरून कळत होते. २०२१ च्या जुलैत काय झाले ते तुम्हां-आम्हांला सांगावयास नको. २२ तारखेला सावित्रीने महाडची पेठ बुडवली. त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. वीज गेली, पाठोपाठ फोनही गेले. तो तिकडे मुंबईत तीन दिवस आमचा नंबर फिरवीत होता आणि पलीकडून एक बाई त्याला तेच ते वाक्य ऐकवीत होती. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या, तेव्हा तो लहान होता. ते सारे त्याने पाहिले आहे. म्हणून त्या तीन दिवसांत त्याच्या मनाचे काय झाले असेल ते मी जाणते. त्याने कोठेसे वाचले, की नव्या महागड्या फोनला टॉवर नसला तरी चालते, तो थेट उपग्रहामार्फत मदतीचा निरोप धाडतो. तेवढ्यासाठी तो पगारातले पैसे मोडावयास निघाला होता.

आता ही गोष्ट खोटी नाही. २०२२ साली आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीत ही सोय आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिका व कॅनडात ती सुरूही झाली. पण आम्ही चौकशी केली तेव्हा आपल्या देशात ती चालत नव्हती. म्हणजे फोन नवा, किंमत पुरी, आणि ज्यासाठी घ्यावयाचा तेवढीच गोष्ट बंद! त्या दिवसापासून मी एक शिकले. फोनच्या खोक्यावर जे लिहिले असते ते जगासाठी लिहिलेले असते. सवमध्ये त्यातले काय चालते ते आपण विचारावयाचे असते.

पुरात फोन का मेले, तेही समजून घेण्यासारखे आहे. फोन बोलतो तो टॉवरशी. टॉवरला वीज लागते. वीज गेली की तो आपल्या बॅटरीवर किंवा डिझेलवर काही तास निघतो. रस्ते पाण्याखाली गेले की डिझेल पोचत नाही, आणि मग टॉवर गप्प होतो. तेव्हा पाच हजारांचा फोन आणि लाखाचा फोन एकाच पाटावर जेवावयास बसतात. फाइव्ह-जीचेही तसेच. ते आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले, त्याचा वेग मोठा आहे खरा, पण जेवढ्या वरच्या लहरी तेवढा त्यांचा पल्ला आखूड, आणि डोंगर आडवा आला की त्या लवकर अडतात. नवा फोन आणला म्हणून कोणी आपल्या दारात नवा टॉवर उभारत नाही. आमच्या घरी ओटीच्या डाव्या कोपऱ्यात उभे राहिल्याशिवाय धड ऐकू येत नाही. सूनबाईचा फोन माझ्या फोनपेक्षा तीन वर्षांनी नवा आहे, पण तीही बोलताना त्याच कोपऱ्यात येऊन उभी राहते.

२०२३ साली सरकारने संकटाच्या सूचनेची चाचणी घेतली होती ती आठवते का? एकाएकी सगळे फोन कर्कश ओरडू लागले, आणि आमच्या शेजारच्या काकूंनी फोन उशीखाली कोंबला होता! त्या वेळी माझा जुना फोन सूनबाईच्या नव्या फोनइतकाच मोठ्याने ओरडला. विजेची आगाऊ सूचना देणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे ॲपही त्यावर विनातक्रार चालते. भातलावणीच्या दिवसांत ज्यांची माणसे शेतात असतात त्यांनी ते जरूर घ्यावे. त्याला पैसे पडत नाहीत.

मग म्हातारपणाचे काय? सूनबाईने एके दुपारी फोन हातात घेतला आणि तिला हसू आवरेना. आत सहा हजारांवर चित्रे होती. सुप्रभात, शुभरात्री, गुलाब, दवबिंदू, कपबशी, पुन्हा गुलाब. तुम्हीच सगळ्यांनी पाठवलेली, भगिनींनो! माळ्यावर पाय ठेवावयास जागा नसावी तशी फोनची गत झाली होती. ती चित्रे काढून टाकल्यावर फोन धावू लागला. राहिली बॅटरी. ही लिथियमची बॅटरी शेवयांच्या पीठासारखी, जितकी ताणाल तितकी झिजते. साधारण पाचशे वेळा पुरती भरून रिकामी झाली की तिची ताकद पाचात चार उरते, असे कंपन्या स्वतःच सांगत आल्या आहेत. अलीकडच्या काही बॅटऱ्या त्याहून अधिक टिकतात. माझी रोज दोनदा भरली जात होती, ती दमली यात नवल नाही. पेठेत नेऊन चौदाशे रुपयांत दुसरी बसवून घेतली. तवा बदलून भागत असेल तर चूल कशाला मोडा?

येथपर्यंतचे ऐकून तुम्हांला वाटेल, बाईंचा सल्ला ठरलेला दिसतो, जुनेच वापरा. मलाही तसेच वाटत होते, आणि त्यातूनच माझी चूक झाली.

२०२३ च्या दिवाळीआधी आपल्यातल्या एका भगिनीने गटाकडे बारा हजारांचे कर्ज मागितले. नाव घेत नाही, ती येथेच बसली आहे आणि तिच्या परवानगीनेच हे सांगते आहे. ती ब्लाउज शिवते. मापे, गळ्याचे नमुने, कापडाचे फोटो सगळे व्हॉट्सॲपवर येत. मुंबईच्या चाकरमान्यांच्या बायका तिकडून ऑर्डर देत आणि सणाला गावी आल्या की कपडे घेऊन जात. तिचा फोन फार जुना होता, कोणीतरी वापरून दिलेला. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, अँड्रॉइड पाचच्या आधीच्या सर्व फोनांवर व्हॉट्सॲपने काम करणे सोडले. सूचना आधी आली होती, पण इंग्रजीत होती. तिने ती पुसून टाकली.

सभेत मी उठून म्हणाले, ‘फोनसाठी कर्ज द्यावयास गट काढलेला नाही. शिलाई यंत्र माग, एका दिवसात देते.’ चार जणींनी माना डोलावल्या. माझ्या शब्दाला वजन आहे, याचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला असेल. ती काही बोलली नाही. तिने दुसरीकडून बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांवर फोन उचलला. दिवाळीच्या ऑर्डरी तोवर दुसरीकडे गेल्या होत्या. दुसराच हप्ता चुकला, त्यावर दंड लागला, आणि माघ महिन्यात हळदीकुंकवाला ती आली तेव्हा तिच्या कानांत कुड्या नव्हत्या. मी वाण देता देता ते पाहिले. त्या रात्री मला झोप आली नाही.

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट साधी होती. तिचे शिलाई यंत्र तो फोनच होता. सुई-दोऱ्याचे यंत्र चालू होते, पण ज्या वाटेने कापड येई ती वाट बंद पडली होती. बॅटरी बदलून किंवा गुलाब पुसून ती उघडणार नव्हती. फोनचे शरीर धडधाकट असते आणि आतली विद्या जुनी होते. कंपनी सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या पाठवणे थांबवते, मग एकेक ॲप सोडून जाते, बँकेचेही जाते. अशा फोनवर पैशांचा व्यवहार करीत राहणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड दागिने ठेवणे आहे. ही खरी म्हातारपणाची खूण. फोन मंद झाला ही नव्हे.

त्या ‘बिनव्याजी’ शब्दाबद्दल थोडे सांगते, कारण त्यात पुष्कळजणी फसतात. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. व्याज कोठेतरी असतेच. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, नाहीतर कागदपत्रांचा खर्च म्हणून वेगळी रक्कम घेतात. म्हणून दुकानदाराला दोन्ही आकडे विचारावेत, रोखीचा आणि सगळे हप्ते व खर्च मिळूनचा, आणि कागदावर वजाबाकी करावी. आणि जुना फोन द्या, नवा घ्या ही जी योजना असते तिला पाहून मला आपली बोहारीण आठवते. चार चांगली लुगडी घ्यावयाची, एक पातेले पुढे सरकवावयाचे, आणि वर तोंड वाकडे करावयाचे की लुगडी विरलेली आहेत! बोहारणीशी घासाघीस करता तशी तेथेही करा. मात्र लुगड्याच्या पदराला बांधलेले पैसे सोडून घेतो, तसे फोनमधले फोटो, बँकेचे ॲप, सगळे आधी काढून घ्यावे.

कोणाचा वापरलेला फोन घेणार असाल तर आणखी एक करा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तेथे कळते. हे संकेतस्थळ २०२३ साली सुरू झाले.

नवाच घ्यावयाचा ठरला तर तो सर्वांत नवा कशाला हवा? कॅमेऱ्याचे आकडे ऐकवण्यात दुकानदाराला फार गोडी असते. त्याला आधी विचारावे, या फोनला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या काही वरच्या फोनांना सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनांत ते पुष्कळ कमी असते. किंमत भागिले वर्षे करून पाहिले की कधी कधी अगदी स्वस्त वाटणारा फोनच महाग निघतो, हेही मला वहीत मांडून पाहिल्यावर पटले. आणि लाडक्या बहिणीचे पैसे नवा फोन नसल्याने थांबतील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आधारच्या ओळखीचा आकडा साध्या बटणाच्या फोनवरही येतो. नंबर मात्र आधारला जोडलेला पाहिजे. साध्या फोनवरून यू. पी. आय. ने पैसे धाडण्याची सोयही ८ मार्च २०२२ पासून झालेली आहे.

त्या भगिनीकडे मी फाल्गुनात गेले. माफी मागणे मला फारसे जमत नाही. मी गटाची वही घेऊन गेले आणि राहिलेल्या हप्त्यांचे कर्ज गटातून मांडले. तिने चहा केला. कुड्या श्रावणात सुटल्या. पुढच्या सभेत मी स्वतः ठराव मांडला, की फोनच्या अर्जाला एकदम नाही म्हणावयाचे नाही. आताच्या फोनवर कोणते काम अडते ते अर्जदाराने सांगावे आणि आपण ते करून पाहावे. गेल्या वर्षी असे पाच अर्ज आले. तीन फोनांचे गुलाब काढून भागले, एकीला बॅटरी लागली आणि एकीला कर्ज दिले. एका मुलाला मित्राकडे आहे म्हणून तसाच फोन हवा होता. त्याच्या आईने अर्ज न करता परतच नेला.

धाकट्याला मी म्हटले, म्हशीचे पैसे तुझ्याजवळच ठेव. त्याने पॉवर बँक आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ पाठवला. माझ्या फोनमध्ये आता दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे आहेत. एकीचा टॉवर पडला तर दुसरीचा उभा असेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागदावर मोठ्या अक्षरांत सगळ्यांचे नंबर लिहिले आहेत, कारण फोन बंद पडल्यावर मला मुलाचाही नंबर पाठ नव्हता हे पुरात कळले होते. जोराचा पाऊस लागला की तो संध्याकाळी सातला फोन करतो आणि मी त्या आधी पाच मिनिटे कोपऱ्यात जाऊन उभी राहते.

माझे बोलणे लांबले, अध्यक्षीणबाई दोनदा घड्याळाकडे पाहून चुकल्या आहेत. चहाच्या वेळी सूनबाई त्या खिडकीपाशी बसणार आहे. ज्यांचे फोन भरले असतील त्यांनी तिच्याकडे घेऊन जावे. फोटो पुसताना तुम्ही स्वतः जवळ बसा. नातवंडांचे कोणते आणि गुलाबांचे कोणते ते तिला कळणार नाही.