कॅसेटमधलं चित्र



नव्वदच्या दशकात गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत मे महिन्याची सुट्टी लागली, की कुणाच्या तरी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडलेला असायचा. यंत्र बहुधा १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. कॅसेट लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, नाहीतर दिवसाच्या भाड्याने घेतलेली. कॅसेट म्हणायचे सगळे, पण आत फीत नव्हती. चिप होत्या, स्वस्त कॅसेटमध्ये तर काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली झाकलेल्या. आणि खेळातली चित्रं यंत्रात नव्हे, त्या कॅसेटमध्येच असायची.

साध्या कॅसेटमध्ये एका मेमरीत प्रोग्रॅम, दुसरीत नुसती चित्रं. यंत्रातली चित्र काढणारी चिप ही दुसरी मेमरी थेट वाचायची, प्रोसेसरला मध्ये न घेता. म्हणून कधीकधी संगीत व्यवस्थित वाजायचं, मारिओच्या उडीचा आवाज यायचा आणि पडद्यावर मात्र विटा-अक्षरांचा नुसता काला. प्रोग्रॅमच्या पिना लागलेल्या असायच्या, मळ चित्राच्या पिनांवर.

पडदा भरायचा ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी, घरातल्या लाद्यांसारखा: आडवे ३२, उभे ३०. असे वेगवेगळे तुकडे चिपला एका वेळी दिसायचे फक्त ५१२, म्हणजे ८ केबी. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स तेवढ्यातच बसवला आहे. त्यातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्राचे. रंग तेवढा बदललेला. ही काटकसर मला फार मोठी कला वाटते.

आता कोनामी कंपनीचा काँट्रा हा खेळ घ्या. १९८८ च्या जपानी कॅसेटमध्ये कोनामीने आपली खास चिप घातली. ती चित्रांचे गठ्ठे क्षणात बदलायची, म्हणून जंगलातली झाडं डोलतात. अमेरिकी कॅसेटमध्ये कायम कोरलेल्या चित्रांऐवजी रॅम होती. प्रोग्रॅमने चित्रं आधी तिच्यात उतरवून घ्यायची. तिथे तीच झाडं स्तब्ध उभी. खेळ तोच, बंदूक तीच.

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल, तर फुंकर मारू नका. तोंडातल्या वाफेने पिना गंजू शकतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, वाळू द्या, मग चालू करा. आवाज आला आणि चित्र विस्कटलेलं दिसलं, तर ती लगेच भंगारात घालू नका. प्रोग्रॅम चालतो आहे. चित्राच्या पिना पुन्हा एकदा पुसा.