एका खटक्यावर टीव्ही



नव्वदच्या दशकात आपल्याकडे तालुक्याच्या गावांतसुद्धा व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली होती. तिथं 'मुस्तफा' खेळलेली मंडळी आज चाळिशीच्या घरात असतील. या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली आणला. पण आपल्या पोरांनी त्यातल्या एका पात्राचंच नाव त्याला देऊन टाकलं. यांपैकी काही हौशी मंडळी आता तसलं कॅबिनेट घरी बनवतात. प्लायवूडचा सांगाडा, समोर जॉयस्टिक आणि बटणं, आत रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर किंवा अडगळीतला जुना कॉम्प्युटर, आणि पडदा म्हणून घरातला जुना टीव्ही.

सुतारकाम उरकतं, वायरिंग होतं, खेळही चालू होतो. आणि मग गाडी अडते ती भलतीकडेच. कॅबिनेटच्या मागचा मेन स्विच दाबला की कॉम्प्युटर चालू होतो, वरची पाटी उजळते, स्पीकर खरखरतो. टीव्ही मात्र लाल दिवा दाखवत ढिम्म बसून राहतो. त्याचं बटण तर प्लायच्या आड गेलेलं. मग दर वेळी रिमोट शोधा. पार्लरमधल्या यंत्राला कुणी कधी रिमोट दाखवला होता का? एक खटका दाबला की सगळं सुरू, ही त्या यंत्राची पहिली अट. आज बोलायचं आहे ते या अटीबद्दल.

अशा पेटीत घरगुती टीव्ही बसवणं काही नवं नाही. अटारी कंपनीच्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी १९७२ साली 'पाँग' या खेळाचा पहिला नमुना बनवला, तेव्हा त्यांनी दुकानातून हिताचीचा साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला आणि चार फुटी लाकडी पेटीत बसवला. कॅलिफोर्नियात सनीव्हेल इथल्या एका बारमध्ये ती पेटी ठेवली. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. उघडून पाहिलं, तर नाण्यांचा डबा काठोकाठ भरून वाहत होता.

त्या पिढीच्या टीव्हीला खराखुरा खटका असायचा. टक् करून फिरवला की वीज जोडली, उलटा फिरवला की तोडली. तो एकदा 'चालू'वर ठेवून दिला, की पुढचा कारभार भिंतीवरच्या बटणाच्या हाती. तसा जुना टीव्ही तुमच्याकडे असेल, तर तुमचं काम फुकटात झालं.

रिमोट आला आणि हे चित्र पालटलं. रिमोटचा इशारा ऐकायला टीव्हीत सतत कुणीतरी जागं हवं. म्हणून बंद टीव्हीतही एक छोटा मायक्रोकंट्रोलर चालू ठेवतात. मालक झोपलेला आणि दाराशी रखवालदार जागा, असा हा मामला. तो लाल दिवा म्हणजे या रखवालदाराचा कंदील. गेलेली वीज परत आली, की आधी तो जागा होतो आणि कंपनीनं नेमून दिलेला हुकूम पाळतो. काही टीव्हींना हुकूम असतो, 'आधी चालू होता, तर पुन्हा चालू कर.' पुष्कळांना असतो, 'कुणी सांगेपर्यंत थांब.' यात कंपनीचा आडमुठेपणा नाही. घरात कुणी नसताना लाइट आले आणि टीव्ही दिवसभर चालत राहिला, तर बिल वाढतं आणि धोकाही संभवतो. भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको.

म्हणजे आपल्याला टीव्हीत बिघाड दुरुस्त करायचा नाही. रखवालदाराला कळेल असा निरोप द्यायचा आहे. तो चार वाटांनी देता येतो. त्या बाहेरून आत या क्रमानं तपासाव्यात.

पहिली वाट मेनूतली. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये, किंवा हॉटेलांसाठी ठेवलेल्या खास मेनूमध्ये, वीज आल्यावर काय करायचं ते ठरवता येतं. तिथं 'चालू' निवडलं की विषय संपला.

दुसरी वाट एचडीएमआयची. या केबलमध्ये चित्र आणि आवाज यांखेरीज तेरा नंबरच्या पिनेवर एक वेगळी तार असते. तिच्यावरून उपकरणं एकमेकांना हुकूम देतात. या सोयीचं नाव सीईसी. पण सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक म्हणते, सोनी ब्राव्हिया सिंक म्हणते. टीव्हीच्या मेनूत ती चालू करून ठेवायची. रास्पबेरी पायला ही भाषा येते. सुरू होताना एका ओळीची आज्ञा दिली की तो टीव्हीला उठवतो आणि आपलंच चित्र दाखवायला लावतो. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांना मात्र ही भाषा सहसा येत नाही.

तिसरी वाट रिमोटचीच. रिमोट म्हणजे एक इन्फ्रारेड एलईडी. तो बहुधा सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकत, ठरावीक तुकड्यांत निरोप पाठवतो. तोच निरोप आपल्या कॉम्प्युटरला शिकवायचा आणि एक एलईडी टीव्हीच्या डोळ्यासमोर चिकटपट्टीनं डकवायचा. रास्पबेरी पायच्या पिनेला जास्त करंट झेपत नाही, म्हणून मध्ये बीसी ५४७ सारखा एक ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर घालायचा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा सगळा माल चिल्लर पैशांत मिळतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद यांना एकच बटण असतं. टीव्ही आधीच चालू असेल, तर तुमचा निरोप त्याला बंद करील.

चौथी वाट टीव्हीच्या बटणाची, आणि इथं टीव्ही उघडावा लागतो. बटणाचं एक टोक शून्य व्होल्टला असतं, दुसरं एका रेझिस्टरमधून तीन किंवा पाच व्होल्टला बांधलेलं असतं. बटण दाबलं की दुसरं टोकही शून्यावर येतं आणि मायक्रोकंट्रोलरला कळतं. हौशी लोक या बटणाला समांतर एक कपॅसिटर सोल्डर करतात. वीज येते तेव्हा कपॅसिटर रिकामा असतो, त्यामुळे क्षणभर बटण दाबल्यासारखंच होतं. दहा हजार ओहमच्या रेझिस्टरबरोबर सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर हा क्षण साधारण अर्ध्या सेकंदाचा.

युक्ती झकास आहे, पण भरवशाची नाही. मायक्रोकंट्रोलरला जागं व्हायलाच सेकंदभर लागला, तर तोवर 'बटण' सुटलेलं असतं. काही टीव्हींत सगळी बटणं एकाच तारेवर असतात आणि तारेवरच्या व्होल्टेजवरून कुठलं बटण दाबलं ते ओळखलं जातं. तिथं कपॅसिटर भरत जाताना व्होल्टेज चढत जातं, आणि टीव्हीला वाटतं की कुणी आवाज वाढवतंय, कुणी चॅनेल बदलतंय. त्यापेक्षा ५५५ हा टायमर बरा. हाही 'पाँग'सारखा १९७२ सालीच बाजारात आला. वीज आल्यावर चारपाच सेकंद थांबून त्यानं बटण दाबायचं, आणि ते ऑप्टोकपलरमधून, म्हणजे दोन्ही सर्किटांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही.

आता कळकळीनं सांगतो. रंगीत पिक्चर ट्यूबच्या टोपीखाली वीस ते पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकून राहू शकतात. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात. एलईडी टीव्हीही त्याला अपवाद नाही. ज्याला ट्यूब डिस्चार्ज करता येत नाही, त्यानं मागचं झाकण काढूच नये. ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकला घरी बोलवावं आणि त्याची मजुरी द्यावी.

माझं मत विचाराल, तर जुन्या टीव्हीसाठी इन्फ्रारेडच उत्तम. कारण जुने टीव्ही चालू झाले तरी पुष्कळदा पहिल्या चॅनेलवर मुंग्या दाखवत उभे राहतात. त्यांना पुढे 'एव्ही'वरही न्यावं लागतं. कपॅसिटर एकदाच बटण दाबू शकतो. इन्फ्रारेड एलईडी मात्र चालू करण्याचा निरोप देऊन, थोडं थांबून, 'एव्ही'चाही निरोप देतो. आणि टीव्हीचा एकही स्क्रू काढावा लागत नाही.

शेवटी एक सूचना. कॅबिनेटसाठी जुना टीव्ही विकत घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला तो चालू करायला सांगा. मग प्लग काढा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा. टीव्ही आपला आपण चालू झाला, तर दोन पैसे जास्त देऊनही तोच घ्या.