गच्ची गळण्याआधी

मंडळी, आपल्या खानापूर-आटपाडीकडे मृगाआधी घर शाकारतात. चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. वरदा वादळ आलं ते १२ डिसेंबर २०१६ ला. तेव्हा गच्चीचं काम सप्टेंबरातच उरकायला हवं. गळायला लागल्यावर दागिना गहाण टाकणारे पुष्कळ. गलाईवाल्यांनी तरी हे करू नये! डिसेंबरात आवर्त ठेव उघडा. दरमहा ३,००० भरलेत, तर नऊ महिन्यांनी २७,००० आणि वर व्याज हाती येईल. विम्यावर विसंबू नका. ‘भारत गृह रक्षा’ वादळाचं नुकसान भरून देते, जुन्या गच्चीची झीज नाही. हप्ता ठरवण्याआधी गवंड्याला गच्ची दाखवा. फरशीचे नुसते सांधे भरायचे, की खालचा चुना-विटेचा थर उकरायचा, यावर खर्च ठरतो.