घास अडतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. पण घरात ठेच लागून जे शिकले, ते चारचौघींना सांगावे म्हणून उभी राहिले आहे.

आमचे धाकटे भाऊजी वीस वर्षे मनाच्या आजारावर गोळ्या घेत आहेत. गोळ्यांनी त्यांचे भ्रम गेले, धुळ्याचे दुकानही ते सांभाळू लागले. दोन वर्षांपूर्वी जळगावला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा जेवायला तास लावू लागले. घास गालात धरून बसत, पाणी पिताना ठसका लागे, उशीवर लाळ ओघळे. दोनदा छाती भरून ताप आला. "माझ्या हातची भाकरी गोड लागत नाही वाटतं, भाऊजी?" असे मी रागाने बोलले. त्याची मला आजही लाज वाटते. एके दिवशी कळण्याच्या भाकरीचा तुकडा अडकून त्यांचा चेहरा काळानिळा पडला. यजमानांनी त्यांना वाकवून पाठीत जोराने थापा मारल्या, तेव्हा तो निघाला.

डॉक्टरांनी उलगडा केला. या गोळ्या मेंदूतील डोपामीन नावाच्या द्रव्याचे काम रोखतात. त्याने भ्रम आवरतात. पण तेच द्रव्य स्नायूंच्या हालचालीही सांभाळते. म्हणून काहींची जीभ व घसा मंदावतो, काहींची जीभ आपोआप वळवळते. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन मनोविकारावर वापरात आले. तेव्हापासूनच्या या औषधांना हा दोष चिकटलेला आहे. नव्या गोळ्यांत तो कमी असला तरी सुटत नाही. अन्न श्वासनळीत उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो.

"मग गोळ्याच बंद करा," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "आपल्या मनाने मुळीच नको." एकदम बंद केल्यास आजार उलटतो. त्यांनीच मात्रा हळूहळू उतरवून गोळी बदलली.

आता आम्ही त्यांना ताठ बसवतो, भाकरी कढीत कुस्करतो, घास लहान देतो. जेवताना बोलायला लावत नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ देत नाही. रात्री तोंड स्वच्छ करवतो, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत उतरतात. भाऊजींना भरीत पुन्हा आवडू लागले आहे.

भगिनींनो, आपल्या भागातल्या माणसांना पूर्वी ठाणे नाही तर येरवडा गाठावे लागे. आज धुळे व जळगाव दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. तेव्हा लाजेने दार लावून घेऊ नका. आणि कुणाचा घास रेंगाळला तर त्याला नखरे म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.