टायर, काळी आणि पांदण

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी सिल्लोडकडच्या एका तरुण शेतकऱ्याने आम्हाला गाठले. कर्ज काढून त्याने फोर-व्हील ट्रॅक्टर घेतलेला. म्हणाला, "साहेब, पुढचे दोन्ही टायर गेले, मागचेही निम्मे झिजले. आता असा टायर सांगा, जो डांबरीवर टिकेल आणि काळीत फसणार नाही." आम्ही घाईत काहीतरी उत्तर दिले. घरी जाताना लक्षात आले की आम्ही त्याला विचारायची गोष्टच विचारली नव्हती. म्हणून आज भाव आणि वीजबिल हे नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवून टायरवर बोलतो.

काही जण हसतील. पण हिशेब करा. मागच्या टायरची जोडी पन्नास हजाराला पडली असे धरा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. तो पुरता हातात पडला, तरी जोडीला सहा क्विंटलच्या वर कापूस जातो. कोरडवाहूत म्हणजे दीड एकराचे सगळे पीक. त्यातली वेचणीची मजुरी अजून आपण धरलेलीच नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यानेही ऐकावे, कारण भाड्याच्या ट्रॅक्टरचा टायर झिजला की तासाचा दर वाढतो, आणि तो टायर फिरतो तुमच्याच रानातून.

पहिली गोष्ट सरळ सांगतो. दोन्हीकडे सारखाच चांगला चालेल असा टायर नाही. दुकानदार आहे म्हणेल, पण नाही. ते का, हे आपल्या मातीवरून समजून घ्या.

आपली काळी म्हणजे दख्खनचा काळा दगड झिजून झालेली माती. तिच्यातली चिकण पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच चिकण ओली असताना रबराला धरते. टायरवर ज्या तिरप्या उंच पट्ट्या असतात, त्यांचे काम मातीत रुतून रेटा देण्याचे. दोन पट्ट्यांमधली जागा मोकळी राहिली तरच पट्टी रुतते. काळीत ती जागा चार फेऱ्यांत भरते. मग टायर कितीही भारी असो, तो मातीचा एक गुळगुळीत गोळा होतो आणि जागच्या जागी फिरतो. पट्ट्या उंच आणि लांब-लांब असल्या की फिरताना चिखल झटकला जातो, हे खरे. पण नेमक्या त्याच उंच, विरळ पट्ट्या डांबरीवर घात करतात. तिथे सगळा भार पट्ट्यांच्या माथ्यावर येतो. त्या वाकतात, तापतात आणि झिजतात.

दुकानात नक्षीचे वर्ग आकड्यांनी ओळखतात, तेवढे ध्यानात ठेवा. आर-१ म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा शेतीचा टायर. आर-२ भाताच्या चिखलणीचा, त्याची पट्टी आर-१ च्या जवळपास दुप्पट उंच. आर-४ हा बांधकामाच्या यंत्रांचा. त्याची पट्टी बुटकी व रुंद, रस्त्यावर टिकणारी, पण चिखलात लवकर भरणारी. कोकणातल्या भावकीच्या सांगण्यावरून आपल्यातले काही जण आर-२ टाकतात. ते करू नका. भातखाचरात खाली घट्ट थर असतो आणि वर पाणी असते. आपल्या काळीत खाली थर सापडेपर्यंत ट्रॅक्टर पोटावर बसलेला असतो.

म्हणून टायर घेण्याआधी वही घ्या. गेल्या वर्षी ट्रॅक्टर किती तास चालला, त्यातले किती तास ट्रॉलीला जुंपून डांबरीवर होता, किती रानात, आणि रानातल्यापैकी किती खरोखर ओल्यात, हे लिहून काढा. आम्ही अनेकांबरोबर बसून हे केले आहे. बहुतेकांची समजूत अशी असते की ट्रॅक्टर निम्मा वेळ चिखलात असतो. कागदावर मांडले की चिखलाचे तास बोटावर मोजण्याइतके निघतात. नांगरट उन्हाळ्यात, मोगडणी कोरड्यात, रब्बी ज्वारीची पेरणी वापशावर. उरलेला वेळ कापूस, कडबा, खत, मुरूम आणि कधीकधी वऱ्हाड. असे असेल तर साधा आर-१ घ्या. वर्षभर वाहतुकीच्याच भाड्याला जात असाल तर आर-४ चा विचार करा. चिखलाच्या चार दिवसांसाठी बाकीच्या वर्षाचे रबर घासू नका.

आणि त्या चार दिवसांतही टायर वापशाची जागा घेऊ शकत नाही. आपल्या आज्यांची बैलगाडी लोखंडी धावेची होती. अरुंद धाव चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जायची आणि चाकोरी पाडायची. तरी त्या पिढीने ओल्या रानात गाडी घातली नाही. वापसा येईपर्यंत बैल दावणीलाच. आपल्याला वाटते, फोर-व्हील आहे, निघेल बाहेर. निघेलही. पण ओल्या काळीवरून गेलेले जड चाक खालची माती दाबून ठेवते. वरचा दाब टायरमधल्या हवेवर ठरतो, खोलवरचा दाब एकूण वजनावर, आणि तो नांगराच्या खाली जातो. मालदांडी ज्वारी जगते ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. तिच्या मुळाला खाली जायला वाट हवी. पोटऱ्यात आलेली ज्वारी चाकाच्या पट्ट्यात बुटकी दिसते, तेव्हा आपण बियाण्याला शिव्या घालतो.

आता फोर-व्हीलवाल्यांसाठी. इथे कान देऊन ऐका, कारण सिल्लोडच्या त्या तरुणाचा रोग इथेच होता.

आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत पुढची चाके दांडा टाकला की मागच्या चाकांशी गिअरने पक्की बांधली जातात. पुढची लहान, मागची मोठी. म्हणून कारखान्याने गिअरचे प्रमाण असे ठेवलेले असते की पुढची चाके किंचित जास्त धावतात आणि ट्रॅक्टरला पुढे ओढतात. मऊ मातीत हा फरक घसरण्यात जिरतो. डांबरीवर घसरायला जागा नसते. मग तो टायरच्या रबरातून निघतो, नाहीतर पुढच्या गिअरच्या दात्यांतून. आम्ही त्या पोराला फोन करून विचारले, "दांडा कधी काढतोस?" तो म्हणाला, "काढायचा असतो का?" एवढ्या किमतीचे यंत्र विकताना ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. तेव्हा डांबरी लागली की दांडा काढा. भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरताना मात्र तो लावतात, कारण तेव्हा पुढची चाकेही ब्रेक धरतात. घाट संपला की पुन्हा काढा.

दुसरी चूक टायर बदलताना होते. मागचे निम्मे झिजलेले आणि पुढचे कोरे, किंवा दुकानात होते म्हणून एक माप मोठे, असे केले की ते नाजूक प्रमाण बिघडते. पन्नास हॉर्सपॉवरला मागे १६.९-२८ असेल आणि पुढे ९.५-२४, तर ही जोडी कारखान्याने मोजून लावलेली असते. बदलायची तर आधी मोजा. हे काम खडूने होते. चारही चाकांत योग्य हवा भरा. दांडा काढून, औजार न लावता, सपाट कडक रस्त्यावर मागचे चाक बरोबर दहा फेरे फिरेल एवढा ट्रॅक्टर चालवा, आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजा. समजा १३.२ आले. मग भुसभुशीत कोरड्या रानात दांडा लावून तेच करा. समजा १३.६ आले. फरक ०.४. त्याला १३.२ ने भागले तर शेकडा तीन. एक ते पाच टक्क्यांत असेल तर ठीक, दोन-तीन असेल तर उत्तम. पाचाच्या वर गेले तर पुढचे टायर भराभर जाणार. शून्याच्या खाली गेले तर पुढची चाके ओढत नाहीत, फरफटत येतात, आणि फोर-व्हीलचे पैसे पाण्यात. पुढे रेडियल आणि मागे साधा अशी सरमिसळ केली असेल तरी हीच मोजणी करा.

हवेबद्दल थोडेच. नांगरटीला आणि पाळीला मागच्या टायरात साधारण १२ ते १६ पौंड, भरल्या ट्रॉलीला डांबरीवर २० च्या आसपास. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. हवा मोजायचा काटा फार महाग नसतो, पण तो दहा ट्रॅक्टरांत एकाकडे निघतो. टायरात पाऊण पाणी भरून वजन वाढवतात, ते कोरड्या नांगरटीला उपयोगी आहे. पावसाळ्यात तेच वजन काळीत खाली नेते. रानात चाकाची खूण पाहा. पट्टीचा ठसा अगदी कोरीव उमटला तर वजन जास्त. ठसा फिसकटून गेला तर कमी.

रानातला खरा शत्रू चिखल नाही, पऱ्हाटी आहे. कोयत्याने तिरपी कापलेली पऱ्हाटी म्हणजे वीतभर उंच भाला. ती टायरच्या पट्टीला लागली तर रबर निघते, कुशीला लागली तर टायर जातो. रेडियलची कूस पातळ, म्हणून आमच्याकडे रेडियल घेणारे या खुंटांनी जास्त पोळले. पऱ्हाटी मुळासकट उपटा किंवा यंत्राने बारीक करून मातीत मिसळा. गुलाबी बोंडअळीसाठीही आम्ही गेली कित्येक वर्षे हेच सांगत आलो. अळीसाठी ऐकले नाही, निदान टायरसाठी ऐका.

जीपवाल्यांना एक आपबिती. चळवळीच्या जुन्या जीपला आम्ही हौसेने खास चिखलाचे, मोठ्या गठ्ठ्यांचे टायर घातले. काळीत ते जेमतेम चालले. पहिल्या पावसात ओल्या डांबरीवर ब्रेक दाबला आणि जीप शांतपणे पुढच्या ट्रॉलीकडे सरकत गेली. थांबली, पण त्या दिवशी आमचे भाषण फार नरम झाले. वर्षातले बहुतेक किलोमीटर रस्त्यावरचे असतील तर मध्यम नक्षीचाच टायर घ्या आणि साखळदंड किंवा जाड दोर गाडीत ठेवा.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पाहा. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. फार जुना टायर नव्या भावाने घेऊ नका. दुसरे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. छापील पावती मागा आणि त्यावर ५ च लागला आहे का ते वाचा. कच्च्या चिठ्ठीवर मिळणारी सवलत ही सवलत नसते. इथून जवळ वाळूजला बाळकृष्ण इंडस्ट्रीजचा कारखाना शेतीयंत्रांचे टायर बनवतो. त्या कंपनीचा बहुतेक माल परदेशी जातो. तिकडचा शेतकरी टायर घेताना हवेचा तक्ता मागतो. आपणही मागावा.

आता मुळाशी येतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात कापूस, सोयाबीन पाण्यात उभे होते. तेव्हा ट्रॅक्टर कुठे फसत होते? ज्यांचे फसले त्यांना विचारा. बहुतेक सांगतील, रानात नाही, पांदणीत. गावापासून रानापर्यंतचे ते एक-दीड किलोमीटर. बैलगाडीच्या काळातली वाट, दोन्हीकडून बांध कोरून अरुंद झालेली. पावसाचे पाणी तिच्यातूनच वाहते. दोन्हीकडे चालणारा टायर आपण मागतो तो या तुकड्यासाठी. रस्ता नसल्याचा खर्च आपण रबरात भरतो, आणि तो उत्पादन खर्चाच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही.

मे २०२५ मध्ये शासनाने निर्णय काढला की शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी. कायदा तर जुनाच आहे. बांधावरून रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. असलेली वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडे. पण वाट अडवणारा बहुधा आपलाच चुलतभाऊ असतो, म्हणून अर्ज कपाटात राहतो. एकट्याने दिला तर भांडण होते. पांदणीवरच्या सगळ्या गटांनी मिळून दिला तर चुलतभावालाही सही करावी लागते, कारण त्याचाही कापूस त्याच वाटेने यायचा असतो.

अर्जाचे नमुने छापून आणले आहेत. जेवणानंतर मागच्या टेबलावर मिळतील. गट क्रमांक आणि लगतच्या खातेदारांची नावे आजच लिहून घेऊ, गावनकाशाची प्रत पुढच्या आठवड्यात जोडता येईल. सिल्लोडचा तो तरुण ट्रॅक्टर घेऊन आला आहे, बाहेर लिंबाखाली उभा आहे. खडू आमच्या खिशात आहे. ज्यांना फेरे मोजायचे आहेत त्यांनी चला.